दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ: मुंबईहून गावी उडण्यापूर्वी करायचा हिशोब

तिकिटावर ‘१ तास १० मिनिटं’ दिसतं आणि माणूस त्यावर लग्नाचा मुहूर्त, कोर्टाची तारीख, डॉक्टरांची वेळ सगळं बेतून मोकळा होतो. मग विमान वेळेवर सुटूनही कार्य चुकतं. दोष बहुतेक वेळा हिशोबाचा असतो. कोणी गाडीरस्त्याचं अंतर विमानाला लावतं, कोणी अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावरचा ‘उड्डाणकाळ’ खरा मानतं, तर कोणी मुंबईतला विमानतळापर्यंतचा प्रवास मोजतच नाही.

मुंबई–कोल्हापूर, मुंबई–नांदेड, कोल्हापूर–नागपूर अशा छोट्या मार्गांवर अंतराचा वेळेवर फार थोडा परिणाम होतो. बाकीचा वेळ जमिनीवर जातो आणि तो तुकड्यातुकड्यांनी मोजावा लागतो. खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिला चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

## तयारी: कागदावर आधी काय लिहून घ्यायचं

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: निघायच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड, पोहोचायच्या विमानतळाचा कोड, टर्मिनल, विमानाचा प्रकार, आणि आठवड्यातले कोणते वार. वार आवर्जून लिहा. छोट्या मार्गांवर बरीच विमानं रोज नसतात. शिवाय वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. फेब्रुवारीत पाहिलेली वेळ एप्रिलच्या लग्नाला गृहीत धरू नका.

सावधान: ‘उडान’ योजनेतल्या मार्गांना सरकारी अर्थसाहाय्य ठरावीक मुदतीपुरतंच असतं. मुदत संपली की काही मार्ग बंद पडतात, पण त्यांची जुनी माहिती इंटरनेटवर तशीच राहते. ज्या तारखेला जायचं त्या तारखेचं तिकीट प्रत्यक्ष विक्रीला आहे ना, हे आधी बघा. अंतर मोजून देणारी संकेतस्थळं कोणत्याही दोन विमानतळांमधला उड्डाणकाळ दाखवतात. मधे विमान आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

## टप्पा १: विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

नकाशावर ‘नाशिक’ टाकलं तर शहराचा मध्य येतो, विमानतळ मात्र ओझरला आहे. शिर्डीचा विमानतळ काकडी गावात, सिंधुदुर्गचा चिपीला, कोल्हापूरचा उजळाईवाडीला. म्हणून शोधताना कोड वापरा: कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी, नांदेड एनडीसी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, नाशिक आयएसके.

मुंबईकरांना आता आणखी एक गोष्ट तपासावी लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही प्रवासी विमानं सुटतात. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. दोघांत सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे, गाडीरस्त्याने त्याहून बरंच जास्त. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यावर दुसरा गाठून तेच विमान पकडणं जवळपास अशक्य. गोव्यालाही हेच: दाभोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मालवण-सावंतवाडीकडे जाणारे बरेचजण गोव्यात उतरतात. त्यांना मोपा सोयीचा पडतो, पण तिकीट काढताना घाईत दाभोळी निवडला जातो.

तपासा: तिकिटावरचा कोड आणि कागदावरचा कोड एकच आहे का? बीओएम असेल तर टर्मिनल १ की २? दोन्ही टर्मिनलांची प्रवेशद्वारं वेगळी आहेत आणि रस्त्याने एकातून दुसऱ्यात जायला गर्दीच्या वेळी अर्धा तास सहज जातो.

## टप्पा २: अक्षांश-रेखांश लिहून घ्या

तीन विमानतळांचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत देतो, तेवढे पुरतात.

- मुंबई (बीओएम): उत्तर १९.०९, पूर्व ७२.८७
- कोल्हापूर: उत्तर १६.६६, पूर्व ७४.२९
- नागपूर: उत्तर २१.०९, पूर्व ७९.०५

इथे एक चूक फार होते. काही ठिकाणी आकडे अंश-मिनिटांत दिलेले असतात, काही ठिकाणी दशांशात. कोल्हापूर १६ अंश ४० मिनिटांवर आहे. ते लोक १६.४० असं लिहितात. अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ४० मिनिटं म्हणजे ०.६७ अंश. ही एक चूक केली की विमानतळ तीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

## टप्पा ३: सरळ रेषेतलं अंतर काढा

महाराष्ट्रापुरतं मोठं गणित नको. फोनमधला कॅल्क्युलेटर बास.

१. दोन्ही अक्षांशांतला फरक काढून १११ ने गुणा. हे झालं उत्तर-दक्षिण अंतर.

२. दोन्ही रेखांशांतला फरक काढा. त्याला १११ ने गुणायचं नाही. ध्रुवांकडे जाल तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. दक्षिण कोकणाच्या पट्ट्यात एक अंश साधारण १०७ किलोमीटरचा, मुंबईच्या पट्ट्यात १०५ चा, नागपूरच्या पट्ट्यात १०४ चा. दोन ठिकाणांच्या मधला आकडा घ्या.

३. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. शाळेतलं पायथागोरस.

मुंबई–कोल्हापूर: अक्षांशांतला फरक २.४३, म्हणजे २७० किलोमीटर. रेखांशांतला फरक १.४२, गुणिले १०६, म्हणजे १५१ किलोमीटर. उत्तर येतं ३१० च्या आसपास. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशेच्या पुढे जातं, कारण पुण्याला वळसा आणि मधे घाट.

मुंबई–नागपूर असंच काढलं तर ६८३ किलोमीटर येतं. रेखांशाला चुकून १११ ने गुणलंत तर यात जवळपास चाळीस किलोमीटरची भर पडते. मार्ग जितका पूर्व-पश्चिम, तितकी ही चूक मोठी. कोल्हापूर–नागपूर येतं ७०० च्या आसपास, म्हणजे नागपूर मुंबईला आणि कोल्हापूरला जवळपास सारखंच लांब आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येकांना हे पटत नाही, कारण त्यांच्या डोक्यात रेल्वेचा लांबलचक मार्ग असतो.

तपासा: विमानाचं अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा कमीच यायला हवं. जास्त आलं तर टप्पा २ कडे परत जा.

## टप्पा ४: एकक तपासा

विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये अंतर सागरी मैलांत असू शकतं, साध्या मैलांत किंवा किलोमीटरमध्येही. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. त्यामुळे मुंबई–कोल्हापूर एका ठिकाणी १६७, दुसरीकडे १९३ आणि तिसरीकडे ३१० दिसतं. तिन्ही बरोबर आहेत. वेगाचंही तसंच: नॉट म्हणजे ताशी सागरी मैल.

वेळेतही असाच घोळ होतो. काही ॲप जागतिक वेळ दाखवतात. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. ‘०६:००’ बघून विमान पहाटे सुटतं असं धरू नका, ते साडेअकराचं असू शकतं.

## टप्पा ५: सरळ रेषेवरून तिकिटावरच्या वेळेवर या

विमान सरळ रेषेत जात नाही. मुंबईत वारा बहुतेककरून समुद्राकडून असतो, म्हणून विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात आणि घाटकोपरच्या बाजूने येऊन उतरतात. कोल्हापूरचं विमानही आधी समुद्रावर जातं आणि मग दक्षिणेला वळतं. परतताना कोल्हापूरहून येणाऱ्याला पूर्वेकडून रांगेत शिरावं लागतं. आपल्याकडच्या छोट्या मार्गांना मी वळणावळशाचे सरसकट ६० किलोमीटर मिळवतो. टक्केवारीने मिळवू नका. वळसा दोन टोकांशी पडतो, मार्ग लांबला म्हणून तो त्या प्रमाणात वाढत नाही.

आता विमानाचा प्रकार. पंख्याचं एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. जेट वरच्या उंचीवर आठशेच्या पुढे जातं, पण छोट्या मार्गावर त्या उंचीवर ते थोडाच वेळ असतं, म्हणून हिशोबाला ७५० धरा. वर चढण्या-उतरण्यातल्या संथपणाचे १० मिनिटं मिळवा. मग जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचे: मुंबईत १५, छोट्या विमानतळावर ५.

मुंबई–कोल्हापूर, एटीआर: ३७० किलोमीटरला ४४ मिनिटं, अधिक १०, अधिक २०. एकूण ७४ मिनिटं, म्हणजे सव्वा तास. तेच जेटने तासभर. फरक पंधरा मिनिटांच्या आतला. तेवढ्यासाठी गैरसोयीची वेळ घेऊ नका किंवा हजार रुपये जास्त मोजू नका.

कोल्हापूर–नागपूर: एटीआरला सुमारे १ तास ५० मिनिटं, जेटला १ तास २० मिनिटं. इथे मात्र विमानाचा प्रकार बघण्यात अर्थ आहे.

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. हवेतला वेळ त्याहून कमी असतो आणि तुमच्या प्रवासाचा वेळ त्याहून कितीतरी जास्त. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून असतात, म्हणून मुंबई–नागपूर जाताना काही मिनिटं कमी आणि येताना जास्त लागतात. तिकिटावर जायच्या-यायच्या वेळांत असा फरक दिसला तर ती छपाईची चूक नव्हे.

तपासा: तुमचं उत्तर आणि तिकिटावरची वेळ यांत वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर दोन शक्यता आहेत. एक तर मधे कुठे थांबा आहे किंवा विमानाचा प्रकार तुम्ही चुकीचा धरला आहे. ‘थेट’ लिहिलेलं विमानही मधे उतरू शकतं. ‘नॉन-स्टॉप’ शब्द आहे का ते बघा.

## टप्पा ६: मुंबईतला प्रवास उलट्या क्रमाने मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. सुटायच्या वेळेपासून मागे मागे या.

समजा, टर्मिनल २ वरून ११:३० चं विमान आहे आणि तुम्ही डोंबिवलीत राहता. देशांतर्गत विमानांचे सामान घेणारे काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे १०:३०. बोर्डिंगचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ११:०५. आपल्या कंपनीची अट तिकिटावर वाचा, ती वेगळी असू शकते.

काउंटर बंद व्हायच्या अर्धा तास आधी तुम्ही टर्मिनलच्या आत हवेत: १०:००. मेट्रो स्थानकातून वर येऊन प्रवेशद्वाराच्या रांगेत उभं राहायला पंधरा मिनिटं: ९:४५. डोंबिवली ते घाटकोपर फास्ट लोकल, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ ला बदलून पुढचंच स्थानक टर्मिनल २. जिने, तिकीट, सामानाची तपासणी धरून आणि घरातून स्टेशनला जायचं धरून पावणेदोन तास. घर सोडायची वेळ: ८:००.

सकाळी आठच्या लोकलमध्ये दोन बॅगा घेऊन चढता येईल का, याचं उत्तर डोंबिवलीकरांना सांगायला नको. येत नसेल तर गाडी करा, पण मग वेळ वाढवा, कमी करू नका. गिरगाव, दादर, सिद्धिविनायक या पट्ट्यातल्यांना मेट्रो ३ थेट दोन्ही टर्मिनलांशी नेते. त्यांचा हिशोब बराच सोपा झाला आहे.

सावधान: रविवारचं विमान असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघा. पहाटेच्या विमानासाठी मेट्रो धरू नका. पहिली मेट्रो सुटण्याआधीच तुम्हाला घर सोडावं लागतं.

आणखी एक, एटीआरने जाणाऱ्यांसाठी. ही विमानं बहुतेकदा टर्मिनलला लागून उभी नसतात, बसने न्यावं लागतं. शेवटची बस गेली की गेट बंद. ‘अजून विमान दिसतंय ना’ म्हणून चालत नाही. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात आणि सामान पुढच्या भागात असतं. लवकर बाहेर पडायचं तर मागची सीट घ्या. सवयीने पहिली रांग घेणारा शेवटी उतरतो.

## टप्पा ७: उतरल्यानंतरचा वेळ मिळवा

११:३० ला निघालेलं विमान १२:४५ ला उजळाईवाडीला थांबेल. बॅग येऊन बाहेर पडायला २५ मिनिटं: १:१०. शहरात घरी पोहोचायला अर्धा तास: १:४०. डोंबिवलीच्या दारापासून कोल्हापूरच्या दारापर्यंत ५ तास ४० मिनिटं, त्यात हवेत तासापेक्षा कमी.

न्यायला येणाऱ्या मामांना किंवा भावाला १:१० ची वेळ सांगा, १२:४५ ची नाही. आणि पुढे इचलकरंजी, गडहिंग्लज किंवा राधानगरीला जायचं असेल तर तिथपर्यंतचा रस्ता कागदावर लिहा. छोट्या विमानतळाबाहेर दर मिनिटाला टॅक्सी मिळत नाही, गाडी आधी सांगून ठेवा.

## टप्पा ८: दुसऱ्या वाहनाशी तुलना करा

आता दोन आकडे शेजारी मांडा. डोंबिवलीहून गाडीने द्रुतगती मार्गाने कोल्हापूर, चहा-नाश्त्यासकट सात-साडेसात तास. विमानाने वाचले दोन तास किंवा त्याहून कमी. पनवेल-खारघरकरांचं गाडीचं अंतर कमी होतं, त्यामुळे जुन्या विमानतळापर्यंत उलटं येण्यात त्यांची बचत जवळपास संपते. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस झोपेत पोहोचवते आणि दिवस हातात राहतो. नवऱ्यामुलाच्या चार बॅगा सोबत असतील तर मी रेल्वेच सुचवेन.

नागपूरचं चित्र वेगळं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीपुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे, तरी तो गाडीचा अख्खा दिवस आहे. विमानाने दारापासून दारापर्यंत सहा तास धरा. साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या आतल्या मार्गावर कागदावर हिशोब केल्याशिवाय विमान घेऊ नये आणि पाचशेच्या पुढे फार विचार करू नये, असं माझं मत आहे.

दोन विमानं बदलून जाणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. कोल्हापूर–नागपूर थेट ७०० किलोमीटर, मुंबईमार्गे ३१० आणि ६८३ मिळून ९९३. अंतर चाळीस टक्क्यांनी वाढलं, पण वेळ दीड तासावरून पाच-सहा तासांवर जातो, कारण मधे थांबावं लागतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधे किमान तीन तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत करत नाही. दोन टर्मिनलं असतील तर सामान घेऊन बाहेर पडून पुन्हा आत जावं लागतं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं मिळत असतील तर थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्या.

## टप्पा ९: प्रत्यक्षात काय होतं ते बघा

विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांच्या खऱ्या वेळा उतरवून काढा. सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट दिवस सोडून द्या आणि त्याच्या खालोखालचा उशीर आपल्या हिशोबात धरा. चुकवता न येणाऱ्या कामाला जाताना हाच आकडा उपयोगी पडतो.

छोट्या मार्गांवरचं एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करतं. सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत तासाभराचा होतो. म्हणून शक्य असेल तर दिवसाची पहिली फेरी घ्या. दुपारनंतरची असेल तर तुमचं विमान आधी कुठून येणार आहे आणि तिथून सुटलं का, हे घरातून निघण्यापूर्वी बघा. उशीर कळला म्हणून घरून उशिरा मात्र निघू नका. सुटायची वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते आणि काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होऊ शकतो.

पावसाळ्यात खाली उतरलेले ढग आणि कमी दृश्यता यांमुळे छोट्या विमानतळांवरून विमानं परत फिरतात. काही ठिकाणी अंधारात उतरायची सोय नसते, त्यामुळे संध्याकाळचं विमान थोडं लांबलं तर थेट रद्दच होतं. मुंबईतही पावसाळ्याआधी आणि नंतर धावपट्टीच्या देखभालीसाठी काही तास उड्डाणं थांबतात. त्या दिवसाची वेळ बदलल्याचा संदेश आधी येतो, तो न वाचता पुसू नका. जून ते सप्टेंबरमध्ये कार्य सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

## आदल्या रात्री

वेब चेक-इन करून बोर्डिंग पास फोनमध्ये उतरवून ठेवा, टर्मिनल पुन्हा एकदा वाचा, रात्री बारानंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा वाचा. १८ तारखेचं ००:२० चं विमान म्हणजे १७ च्या रात्री घर सोडायचं. मग कागदावरच्या तीन वेळा घरच्यांच्या ग्रुपवर टाका: घरून निघायची, विमानतळाबाहेर पडायची आणि दारात पोहोचायची. तिकिटाचा फोटो टाकू नका. सगळे त्यातली सुटायची-पोहोचायची वेळच वाचतात, आणि न्यायला येणारा अर्धा तास आधी येऊन उन्हात उभा राहतो.